रोह्याची लाळ आणि गावचा पट

हसू नका म्हटलं तर तुम्ही जास्तच हसाल, म्हणून म्हणतच नाही. चहा तेवढा खाली ठेवा. ठसका लागला तर मी गुरांचा डॉक्टर आहे, माणसांचा नाही!

गोंडपिपरीकडच्या एका गावात माझा दवाखाना. गेल्या हिवाळ्यात एका प्रशिक्षणाहून मी नवंकोरं किट घेऊन आलो. जनावराची लाळ पट्टीवर टाकायची. एक रेघ आली तर जनावर चांगलं, दोन आल्या तर लाळ्या-खुरकूत, म्हणजे तोंडाला लाळ आणि खुरांना फोड. पेटीवर गाय, म्हैस, शेळी, मेंढी अशी चित्रं. ते किट हातात आल्यापासून मी गावात असा मिरवत होतो, जणू तो विषाणू मीच शोधून काढलाय!

आणि शंकरपट ऐन तोंडावर आलेला असताना तलावाकाठी एक रोही सापडला. म्हणजे नीलगाय हो. लंगडत होता, तोंडातून लाळेच्या नुसत्या तारा! वनरक्षकांनी जाळं टाकून धरला. मी धावत गेलो, लाळ घेतली, पट्टीवर टाकली. दोन रेघा! ठसठशीत!

खरं सांगू? मला आनंद झाला. रोग सापडल्याचा आनंद कोणाला होतो का? मला झाला!

तिथूनच सरपंचबाईंना फोन लावला. “बाई, पट रद्द करा. जंगलातून रोग आलाय. बाहेरगावच्या बैलजोड्या इथे आल्या तर तालुकाभर पसरेल.”

आता आमच्याकडे पट म्हणजे नुसती बैलांची शर्यत नाही. घरोघरी पाहुणे, रात्री नाटक, आणि त्याच गर्दीत लग्नंसुद्धा जुळतात. देवाजीभाऊंच्या मुलीला बघायला ब्रह्मपुरीचे पाहुणे पटालाच येणार होते. देवाजीभाऊंची स्वतःची बैलजोडीही धावणार होती. पट गेला की सगळंच गेलं!

संध्याकाळपर्यंत गावात दूध कोणी घेईना. कोंबडीवाल्याकडे शुकशुकाट. एका म्हातारीने तर मला रस्त्यात अडवलं.

“डाक्टर, रोही ज्या तरावात पाणी प्याला, तिथचीच मासोळी खाल्ली मी. आता मले लाळ येईन का?”

पटाचं काय करायचं ते ठरवायला सकाळी ग्रामपंचायतीसमोर अख्खा गाव जमला. वनखात्याच्या रेंजर मॅडमही आल्या.

“डॉक्टर, हे किट रोह्यावर चालतं का? कोणी तपासून पाहिलंय?”

“विषाणू तोच आहे, मॅडम! गाय आहे की रोही, त्याला काय माहीत?”

“त्याला नसेल. पण पट्टीला माहीत पाहिजे ना? मी नमुना प्रयोगशाळेत पाठवलाय. निकाल येईपर्यंत थांबा.”

थांबायला मी काय शिकाऊ आहे? मी किटची तारीफ सुरू केली. तेवढ्यात देवाजीभाऊ उठले.

“मंजे त्या पट्टीले जनावर कोनतं हाये, ते समजत नाई? मंग मानसाची लाळ टाकली तं?”

“भाऊ, माणसाला हा रोग होत नाही. एकच रेघ येणार.”

“मंग दाखवा ना टाकून! गोष्टी काऊन सांगून राह्यले?”

गाव बघतंय म्हटल्यावर मी मागे हटतो होय? भर सभेत कापसाची काडी स्वतःच्या तोंडात फिरवली. गालात खर्रा होता. सुपारी, तंबाखू, चुना! आमच्याकडे तो तोंडात असला तरी आहे असं वाटत नाही, काय करणार?

पट्टीवर तपकिरी पाणी चढलं. एक रेघ आली. मी देवाजीभाऊंकडे बघून हसलो.

मग हळूच दुसरी आली.

मॅडमनी पट्टी उजेडात धरली, नीट पाहिली आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, “डॉक्टर, जरा बूट काढा. खुरं बघू द्या.”

“रोह्याले सोडा जी!” देवाजीभाऊ ओरडले. “आधी याइले जाळ्यात घ्या!”

अख्खी सभा लोळली. खर्ऱ्यामुळे झालं असेल, चुन्यामुळे झालं असेल, असं मी सांगत होतो. ऐकतंय कोण?

पटाच्या आधीच प्रयोगशाळेचा निकाल आला. रोह्याला कसलाच रोग नव्हता! मग त्याला नीट तपासलं, तर जबड्यात बाभळीचा काटा रुतला होता आणि खुरात तार. त्याचं तोंड उघडून बघितलं असतं तर तिथेच कळलं असतं. पण मी पट्टी बघत होतो! लाज वाटली हो, खरंच वाटली.

पट दणक्यात झाला. मीही गेलो, डोक्यावरून दुपट्टा घेऊन, गर्दीच्या पार मागे. पण माईकवाल्याची नजर ससाण्याची!

“आपले डाक्टरसाहेब आले हायेत, त्याइचं स्वागत हाये! जोडीवाल्याइनं आपापले बैल जरा दूर घ्यावे!”

आणि देवाजीभाऊंनी खरंच घेतले हो, ब्रह्मपुरीच्या पाहुण्यांसकट!