मावशीच्या तराजूतलं पाचाचं नाणं

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. माझे वडील छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. जयंतीची, मोर्चाची, मजुरीवाढीची पत्रकं छापून उरली की घरी यायची आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर आमचा अभ्यास व्हायचा. कधी वडील एकाच मजकुराची दोन पत्रकं पुढ्यात टाकून विचारायचे, "सांग, आधी कोणतं छापलं?" मी अक्षरं धुंडाळायचे. एखाद्या अक्षराला गेलेली चीर दुसऱ्या पत्रकात लांबलेली असायची. म्हणजे ते नंतरचं. बराबर सांगितलं की वडील नुसते मान हलवायचे. ती मान मला बक्षिसासारखी वाटायची.

पुढे हीच नजर मी नाण्यांकडे वळवली. नाणंसुद्धा छापच असतं. टांकसाळीत पोलादी ठशाखाली चकती दाबली की नाणं पडतं. ठसा तडकलेला असेल, चुकून दोनदा कोरला गेला असेल, तर ती खूण त्याच्या प्रत्येक नाण्यावर उतरते. अशी नाणी थोडी असतात आणि हौशी लोक त्यांना चांगले पैसे देतात. मी ती रोजच्या सुट्ट्या पैशांत शोधते. पण माझा एक नियम आहे. नाणं ज्याचं, त्याला आधी सांगायचं. समोरच्याला माहीत नाही म्हणून त्याच्याकडून मोलाची वस्तू पाच रुपयांत उचलायची, याला मी छंद म्हणत नाही.

आखाडा बाळापूरच्या बाजारात मावशी मसाला विकते. ती आईची मैत्रीण, पण सख्ख्या मावशीपेक्षा जवळची. तिच्या छोट्या तराजूत लवंग, विलायची मोजायला वजन म्हणून पाचाचं जुनं, जाड नाणं असतं. वीस रुपयांना नाणंभर लवंग. लोखंडी माप घासून हलकं करता येतं, सरकारी नाणं कोण घासणार, असा तिचा हिशेब. गिऱ्हाइकांनाही तो पटलेला.

त्या दिवशी सकाळी मी तिच्याजवळ बसले होते. पारड्यातल्या नाण्यावर ऊन पडलं आणि 'भारत'वरची रेघ मला दुहेरी दिसली. भिंग काढलं. वर्षाखाली हैदराबादच्या टांकसाळीची चांदणी होती, आणि अक्षरं खरोखर दोनदा कोरलेली.

"मावशी, हे नाणं साधं न्हाई. नांदेडला जाणकाराला दाखवून आणते."

"आन् मी लवंग कशानं मोजू? तुह्या भिंगानं?"

मी पर्समधून पाचाचं नवं पिवळं नाणं काढून तिच्या हातावर ठेवलं.

तिनं ते तळहातावर खालीवर केलं. "हलकं लागून राहिलं, बाई."

"पाच म्हणजे पाचच की, मावशी!" मी म्हणाले आणि एसटी पकडायला धावले.

नांदेडच्या नाणे व्यापाऱ्यानं नाणं दोन बोटांत धरून लगेच खाली ठेवलं. "ताई, छापताना मशीन हललंय. अशी पोत्यानं मिळतात. वीस रुपये देतो."

माझं डोकं तापलं. मी नाणं उचलून उजेडात तिरपं धरलं. "मशीन हललं असतं तर दुसरं अक्षर चपटं, खरवडल्यासारखं आलं असतं. कागद सरकला की छपाई फराटते, तसं. इथं दोन्ही अक्षरं सारखीच उंच आहेत, गोल आहेत आणि टोकाला खाच आहे. हा ठशाचाच दोष आहे. बघा नीट."

त्यानं आपलं मोठं भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाला, "चार हजार. आत्ता रोख."

"नाणं माझं नाही. मालकिणीला विचारून सांगते."

परतीच्या एसटीत माझी छाती फुगलेली होती. विसांवरून चार हजार, आणि तेही खिळे जुळवणाऱ्याच्या लेकीनं!

बाजारात उतरले तर मावशीच्या पालाभोवती लोक जमलेले. खानावळ चालवणारी बाई दर आठवड्याला तिच्याकडूनच लवंग न्यायची. ती पुडी उघडून उभी होती.

"काहून वं, एवढीशीच? तुहं नाणं वाळलं का उपाशी हाय?"

मावशी खाली मान घालून पिवळं नाणं बोटात फिरवत होती. इतक्या वर्षांत तिच्या तराजूकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. मला एका क्षणात कळलं. नवं नाणं जुन्यापेक्षा खूप हलकं असतं. नाण्यावरची रेघन् रेघ वाचणाऱ्या मला त्याचं वजन आठवलं नव्हतं, आणि मावशीनं सांगूनही मी ऐकलं नव्हतं.

"चूक माझी हाय," मी म्हणाले. "मीच नाणं बदललं."

मावशीनं मान वर केली. "मला काहून सांगते? सकाळपासून जे जे नेऊन राहिले त्यांना सांग. सभेत बोलते ना मोठ्यानं? तसंच."

मी शेजारच्या कांद्याच्या रिकाम्या क्रेटवर चढले. आतापर्यंत मजुरांच्या सभांमधून दुसऱ्यांच्या चुकांवर पुष्कळ बोलले होते. त्या दिवशी अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडले, "आज सकाळपासून मसाला नेलेल्यांनी परत या! माप कमी भरलंय. चूक माझी, मावशीची न्हाई!"

लोक हसले. कुणी म्हणालं, "आगं, आमच्या किराणावाल्याला बी शिकव हे!" पण लोक येत राहिले. मावशी प्रत्येकाच्या पुडीत चिमूट चिमूट लवंग टाकत गेली, न मोजता, जास्तच. मी क्रेटवरून तिच्याकडे बघत होते. नांदेडहून आणलेला अभिमान त्यापुढे किरकोळ वाटला.

चार हजारांचं ऐकून ती एवढंच म्हणाली, "या जुन्याच्या वजनाचं दुसरं आण. मग बघू."

आठवडाभर मी जाड पाचाची नाणी गोळा केली आणि सोनाराच्या काट्यावर तोलली. बहुतेक थोडी झिजलेली निघाली. एक मात्र तंतोतंत जुळलं. पुढच्या बाजारी मावशीनं ते स्वतः तपासलं नाही, तराजू खानावळवालीच्या हातात दिला. तिनं एका पारड्यात जुनं, दुसऱ्यात मी आणलेलं टाकलं आणि सगळ्यांना दिसेल असा तराजू उंच धरला. काटा हलला नाही.

"बराबर हाय," ती म्हणाली. "दे आता नाणंभर. आन् विलायची बी दे."

मावशीनं दुहेरी अक्षरांचं नाणं माझ्या हातात ठेवलं. "जाय. पन चार हजारात देऊ नको. वळखलं तू, तर भाव बी तूच कर."