पीनट बटरची खिचडी

पीनट बटरची नवी बरणी उघडली की तो गोडूस, भाजक्या दाण्यांचा वास येतो आणि मला २००४ सालचा, अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या लायब्ररीतला वर्ग आठवतो. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही, म्हणून तिथे अमेरिकेचा इतिहास शिकायला जायचे. शिकवणाऱ्या बाई रिटायर्ड शिक्षिका होत्या. लढाया-बिढाया त्या फारशा सांगायच्याच नाहीत. जीन्स, जुन्या जाहिराती, शाळेचे डबे यांतूनच देश उलगडायच्या. त्या दिवशी टेबलावर पीनट बटर होतं. सैनिकांच्या शिध्यापासून मुलांच्या सँडविचपर्यंतचा त्याचा प्रवास त्यांनी फळ्यावर लिहिला आणि एकदम मला, वर्गात कधीच तोंड न उघडणारीला, विचारलं, "आणि तुमच्या घरी?" मी गडबडून खरं तेच सांगून टाकलं: पुण्याहून आणलेला मिक्सर इथल्या विजेवर धड फिरेना, दाण्याचं कूट होईना, म्हणून चतुर्थीला साबुदाण्याच्या खिचडीत मी हेच घातलं. कढईत नुसता लगदा झाला आणि नवऱ्याला त्या दिवशी खराखुरा उपास घडला. सगळे खो खो हसले. बाईही हसल्या, पण हसता हसता फळ्याकडे वळल्या, मला स्पेलिंग विचारून सँडविचच्या खाली 'खिचडी' लिहिलं आणि म्हणाल्या, "हाही अमेरिकेचाच इतिहास." पुढे कितीतरी वर्षांनी मी सिटिझनशिपची शपथ घेतली. नवरा म्हणतो, त्या दिवशी तू अमेरिकन झालीस. मी म्हणते, छे, माझं नाव आधीच लागलं होतं, फळ्यावर, सँडविचच्या खाली.