न सुकलेला मार्का

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, नजर यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. आजही नाही म्हणा... पण हा एक प्रसंग कुठे बसवावा ते कळत नाही, म्हणून लिहून पाठवतोय.

इंग्रज जायच्या थोडं आधीची गोष्ट. मॅट्रिक होऊन मी गोंदियाला एका शेठजींच्या धानाच्या गोदामात लागलो होतो. मालधक्क्याला लागूनच विटांची लांबट इमारत, वर टिनाचं छत. छोट्या लाईनने, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेने, अर्जुनी, नवेगाव बांधकडचं धान यायचं. हमाल पोती उतरवत, मी पोत्यात परखी, म्हणजे टोकदार नळी, खुपसून धानाचा नमुना पाहायचो आणि पत्र्याच्या साच्यावरून ब्रश फिरवून पोत्यांवर लॉटचा मार्का मारायचो. मार्का नसेल तर मिलवाले पोतं घेत नसत.

वैशाखात एक वॅगन आली. त्यात चार-पाच पोती नवेगाव बांधची, बाकी अर्जुनीची. सगळ्यांवर मार्के मारले. आमच्याकडचं ऊन असं, की रंग तागावर टेकला की सुकला. थोड्या वेळाने मुकादम दुलीचंद आला, पोत्यांवरचा रंग लागून पाठ काळी झालेली.

“बाबू, नवेगावचा मार्का सुकून नाही राहिला.”

खरंच ओला होता. शेजारची अर्जुनीची पोती मात्र खडखडीत, आणि डबा तोच, ब्रश तोच. पोतं ओलं असेल म्हणून हात लावला, तर कोरडं. दुसऱ्या बाजूने मार्का मारून पोती उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशीही रंग बोटाला लागत होता. नवा डबा फोडला, तरी तेच. तशीच मिलवर पाठवली, तर मार्का पुसला म्हणून परत आली.

शेठजी वैतागले. “अरे, बोरे पर तेल गिरा होगा. कल धान दूसरे बोरों में भरो और मिल भेजो.”

पोती बदलायला काढली त्याच दुपारी एक बाई दारात आली. पन्नाशीची, हातात फक्त एक गाठोडं. सायत्राबाई, नवेगाव बांधची.

“माह्या पुतण्यानं बिजाई इकली जी. मी माहेरी गेली होती. इथंच आली म्हणून सांगितलं वेपाऱ्यानं.”

थप्पीपाशी जाऊन तिने पोत्यांच्या तोंडाची शिवण बोटाने चाचपली. “हेच. मीच शिवलं.” नवऱ्याने लोंब्या निवडून हे धान बियाण्यासाठी राखलं होतं; हिवाळ्यात तो वारला. “धनी गेले, हे ठेवून गेले. आता मिलमंधी गेलं तं बांधीत काय पेरू?”

शेठजी बाहेर आले. ती रडली नाही, हातही जोडले नाहीत. “घरी दुसरं धान आहे. तेवढंच पाठवीन. हे देऊन टाका.”

शेठजींनी पोत्यावरच्या मार्क्यावर बोट फिरवलं. बोट काळं झालं. ते धोतराला पुसत म्हणाले, “ले जाओ, माई. दूसरा भिजवा देना.”

हमालांनी पोती छोट्या लाईनच्या गाडीत चढवली. दुलीचंद परत आला तेव्हा त्याची पाठ स्वच्छ होती. मी गाडीच्या डब्यात चढून मार्क्याला हात लावला. सुकलेला... महिन्याभराचा असावा तसा खरखरीत. शेठजींनी धोतराला बोट पुसलं, ते जेमतेम पाव तासापूर्वी.

मी सायत्राबाईला सगळं सांगितलं. तिला काहीच नवल वाटलं नाही.

“सुकन कसा? धनी बसून राहिले असन थप्पीपाशी. नेऊ नाही देल्लं कोणाले.” आणि लगेच, “गाडी कधी सुटते, बाबू?”

कबूल केलेलं धान तिने पाठवलं. त्यावर मीच मार्का मारला — नेहमीसारखा सुकला. पुढे ओळखीच्या एका सायन्सच्या मास्तरांना विचारलं. ताग, तेल, दमट हवा असं बरंच बोलले. पण वैशाखात दमट हवा कुठली?

दुलीचंदचा साळा तिकडचाच. त्याच्याकडून कळलं, सायत्राबाईची बांधी त्या वर्षी पेरली गेली. बाकीचं काही मला अजून कळलेलं नाही.