महमूदचाचांनी बुजवलेली रेघ

सुकापूर आणि नवीन पनवेलच्या निम्म्याशिम्म्या स्वयंपाकघरांतून महमूदचाचांचा हात फिरलेला आहे, म्हणजे तिथल्या ओट्यांवरून. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी चहा यायच्या आत ते उठून आत डोकावतात, ओट्यावर तळवा फिरवतात आणि "आमचाच हाय" किंवा "आमचा नाय" असा निकाल देतात. ज्या घरचा ओटा त्यांचा नसतो त्या घरचा चहाही त्यांना पचत नाही, असं त्यांची बायको कुलसुम म्हणते. ती त्यांना चांगली ओळखून आहे.

सुकापूरच्या रस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड आहे. उभ्या रचलेल्या मार्बल-ग्रॅनाइटच्या लाद्या, मधोमध कटर मशीन, आणि सगळ्यावर पांढरी भुकटी. चाचांच्या भुवयाही पांढऱ्या आहेत, पण त्या वयाने की भुकटीने हे आता त्यांनाही सांगता येत नाही.

धंद्यात त्यांनी एकच गोष्ट जिवापाड जपली, ती म्हणजे दगडाची इज्जत. दगड म्हटला की त्यात खोट असायचीच. कुठे भेग, कुठे खड्डा, कुठे मधूनच गेलेली काळी शीर. ती गिऱ्हाइकाच्या नजरेला पडली तर दगडाची बेअब्रू, असं चाचांचं मत. मग ते त्याच दगडाची पूड पेस्टमध्ये कालवून, रंगाला रंग मिळवून, ती खोट अशी बुजवत की दगडालाही आठवू नये. बुजवून, घोटून झालं की गिऱ्हाइकाला बोलवायचं आणि हात मागे बांधून म्हणायचं, "शोधा." गिऱ्हाईक वाकून वाकून बघे, बोटं फिरवी, हात टेके. त्या एका 'शोधा'साठी हा माणूस सकाळी शेड उघडत होता.

त्यांची आणखी एक रीत होती. काम कितीही मोठं असो, एक तुकडा ते मुद्दाम तसाच ठेवत, भेगेसकट. गिऱ्हाईक येऊन आधीचं आणि नंतरचं डोळ्यांनी बघून गेलं की मगच त्या तुकड्याला हात लावायचा. "सगळंच चकाचक करून ठेवलं तर लोक इचारतात, यात तुमी केलंत काय?" असा त्यांचा हिशेब होता, आणि तो खोटा म्हणता यायचा नाही.

गावभरच्या ओट्यांच्या भेगा बुजवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरच्या ओट्याला मात्र हातभर भेग होती. मुलीच्या, मारियाच्या, लग्नात कुणीतरी बिर्याणीची भरली देग धाडकन ओट्यावर आदळली, तेव्हाची. मारियाची मुलगी आता शाळेत जायला लागली होती, तरी कुलसुमच्या तगाद्यावर चाचांचं "उद्या भरतो" संपलं नव्हतं.

अशा या चाचांच्या शेडमध्ये गेल्या हिवाळ्यात अरुंधती आली. मुलगी सुकापूरचीच. तिच्या घरचा ओटा 'आमचाच' होता, त्यामुळे ओळख जुनी. ती एका संस्थेत संशोधन करत होती. तिने टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. आत हातभर लांबीचा, एका टोकाला निमुळता होत गेलेला मातकट दगड होता.

"हा मुळा कुठून आनलास, बेटी?" चाचांनी विचारलं.

"ईशान्येकडच्या एका गुहेतून, चाचा. याला स्टॅलॅग्माइट म्हणतात."

"आमी मुळाच म्हनू," चाचा म्हणाले, आणि त्या क्षणापासून तो मुळाच झाला.

"यात पाऊस आहे," अरुंधती म्हणाली.

चाचांनी दगड उचलून कानाशी नेला. तेव्हा तिने हसत हसत समजावलं. गुहेच्या छतातून पावसाचं पाणी झिरपतं. प्रत्येक थेंब खाली पडताना चुन्याचा कण ठेवून जातो. थरावर थर चढत दगड वाढतो, हजारो वर्षं. पाऊस जोराचा असला तर त्या थरातला ऑक्सिजन थोडा हलका निघतो, कमी असला तर जड. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसल्या बारीक ड्रिलने थराथरातून चिमूटभर पूड काढायची आणि यंत्रात तपासायची, की कळतं कधी धो धो पडला आणि कधी रुसला.

"पन तवा पाऊस मोजायला होतं कोन?"

"हाच होता की," ती दगडावर हात ठेवून म्हणाली.

चाचांना हे उत्तर फारच आवडलं. त्या आठवड्यात ते त्यांनी मशिदीत, भाजीवाल्याला आणि एका अनोळखी रिक्षावाल्यालाही ऐकवलं.

तिला दगड उभा, अगदी मधोमध चिरून हवा होता. संस्थेतलं मशीन छोटं, आणि मोठ्या मशीनसाठी दुसऱ्या शहरात नंबर लावावा लागणार होता. आईनेच तिला चाचांचं नाव सुचवलं. "पण सांभाळून, चाचा," ती म्हणाली आणि तिचा आवाज एकदम लहान झाला. "गुहेत हा मोडून पडलेला सापडला म्हणून न्यायला परवानगी मिळाली. दुसरा मिळणार नाही. हा बिघडला तर माझं सगळं काम गेलं. फक्त पाण्यावर कापा. मेण नको, तेल नको, ॲसिड नको."

"तुझा मुळा म्हंजे माझा मुळा," चाचा म्हणाले.

आणि त्यांनी तो कापला तोही तसाच. आधी दिवसभर नुसता फिरवून फिरवून बघितला. नवं ब्लेड लावलं. लाकडाचा साचा करून त्यात दगड निजवला, पाण्याची धार सोडली आणि श्वास धरून, तसूतसूने तो पुढे सरकवला. दोन्ही भाग अलगद सुटे झाले. आत काय सुंदर काम होतं! दुधाचा, चहाचा, मधाचा, असे एकावर एक शेकडो थर. चाचा "सुभानल्ला" म्हणाले आणि स्टूल ओढून बघत बसले.

मग त्यांची नजर मध्यावर गेली आणि जीभ टाळ्याला लागून 'च्च' झालं. इतक्या देखण्या दगडात आडवी एक काळपट रेघ, दोऱ्याएवढी जाड, कडेने बारीक खड्डे. तिच्या वरही थर, खालीही थर, मधेच ही अवदसा.

चाचांना गलबलून आलं. एवढीशी पोर, एकच दगड, आणि त्यात नेमकी खोट. तिचे सर काय म्हणतील? रात्री जेवतानाही त्यांच्या डोक्यातून ती रेघ जाईना. मेण नको, तेल नको, ॲसिड नको, हे सगळं त्यांना लख्ख आठवत होतं. पेस्ट नको असं काही ती म्हणाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एका भागाची रेघ भरली. आयुष्यात कधी लावलं नसेल इतकं कसब लावलं. चार रंग कालवले, सुईने थर ओढले, ओल्या पॅडने घोटलं. रेघ गेली. नुसती गेली नाही, कधी नव्हतीच.

दुपारी नमाज आटोपून ते दुसऱ्या भागाकडे वळले. अरुंधती यायची होती, पण गोवा हायवेवर गाड्या अडकल्यात असा तिचा फोन आला होता. चाचांनी डब्याच्या झाकणावर पेस्ट घेतली, ती कडक करणारं हार्डनर कालवलं आणि पात्यावर उचललं. तेवढ्यात कुलसुम जेवणाचा डबा घेऊन शेडमध्ये शिरली.

"अवो, एक तुकडा तुमी तसाच ठेवता ना नेहमी?" तिने विचारलं. "आज काय झालं?"

"ह्या वेळी नाय. पोरीला कळूच द्यायचं नाय खोट होती म्हनून. वाईट वाटंल तिला."

कुलसुमने डबा टेबलावर ठेवला. "वाटू दे. दगड तिचा हाय, तिला बघू तर द्या. आनि आधीचं दाखवलंच नाय, तर तुमचं ते 'शोधा' कोन ऐकनार?"

हा घाव वर्मी बसला. पातं रेघेपासून बोटभर अंतरावर होतं, ते तिथेच थांबलं. पोरीची दया एकीकडे आणि उभ्या आयुष्यातलं सगळ्यात भारी 'शोधा' एकीकडे. चाचांनी पातं खाली ठेवलं, त्या भागावर फडकं टाकलं आणि निमूटपणे जेवायला बसले. बांगड्याचं कालवण संपेपर्यंत झाकणावरची पेस्ट दगडासारखी कडक झाली.

अरुंधती आली ती धापा टाकत. चाचांनी भरलेला भाग तिच्यापुढे ठेवला, हात मागे बांधले आणि म्हणाले, "मधोमध खोट होती. शोध."

ती वाकली. बोट फिरवलं. चष्मा वर करून बघितलं. मग तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत उतरत शेडमधल्या भुकटीसारखा झाला. "चाचा... इथे रेघ होती? काळी?"

"होती."

"कुठे गेली?"

"बुजवली!" चाचांचा आवाज अजून खुशीत होता.

अरुंधती मटकन ग्रॅनाइटच्या लादीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "त्या रेघेसाठीच तर मी हा दगड आणला होता," ती म्हणाली. "रेघ म्हणजे पाऊस थांबला होता, चाचा. थेंबच पडला नाही, दगड वाढायचा थांबला, वर धूळ बसली. कधी थांबला आणि किती वर्षांनी परत आला, एवढंच तर मला शोधायचं होतं."

चाचांचे मागे बांधलेले हात सुटले. चाळीस वर्षं जिला खोट म्हणून गाडत आले, तीच या मुलीची पुंजी निघाली होती, आणि तिच्यावर त्यांनी चार रंगांची माती लोटली होती. कुलसुम मात्र शांतपणे उठली. तिने फडक्याखाली झाकलेला दुसरा भाग उचलला आणि मुलीच्या मांडीवर ठेवला.

रेघ होती. काळी, खड्ड्याखड्ड्यांची, जशीच्या तशी. अरुंधतीने ती डोळ्यांजवळ नेली, मग आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. कुलसुमही हसायला लागली. चाचांनी कडक झालेल्या पेस्टचं झाकण हळूच पायाने टेबलाखाली सरकवलं, पण ते कुलसुमच्या नजरेतून सुटलं नाही.

"पेस्ट नको असं मी सांगायला हवं होतं," अरुंधती डोळे पुसत म्हणाली. "माझ्या डोक्यातच आलं नाही की कुणी इतकं सुंदर बुजवेल."

चाचांनी मान खाली घातलेलीच होती, पण ते 'सुंदर' त्यांच्या कानांनी बरोबर टिपलं.

पावसाळ्याआधी ती त्यांच्या घरी आली, मिठाईचा पुडा घेऊन. आकडे हाती आले होते. झिरपत्या पाण्याबरोबर दगडात नखभर युरेनियम येतं, त्याचं फार सावकाश थोरियम होत जातं, आणि किती झालं त्यावरून थराचं वय काढतात, असं तिने सांगितलं.

"म्हंजे दही किती लागलं त्यावरून विरजन कवा घातलं ते सांगायचं," कुलसुम म्हणाली. अरुंधतीने ते तिथल्या तिथे आपल्या भाषणासाठी मागून घेतलं.

रेघेच्या खालचा थर चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा निघाला, वरचा त्यानंतर दोनशेच्या आसपास वर्षांनी. "म्हणजे सात-आठ पिढ्या त्या गुहेत थेंब नाही," अरुंधती म्हणाली. "आणि मग आला, चाचा. रेघेच्या वरचा पहिला थर पांढराशुभ्र आहे."

चाचांनी तोंडाशी नेलेली मिठाई परत खाली ठेवली. "लोकांनी काय केलं असंल, तो आला तवा," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

चहा करायला कुलसुम आत गेली. पाहुणी घरात, आणि ओट्याला भेग! चाचांनी त्या दिवशी सकाळीच पेस्ट आणून ठेवली होती. इतक्या वर्षांचा 'उद्या' आज उजाडणार होता. ते पातं घेऊन तिच्यामागे गेले.

"हात लावाल तर बघा," कुलसुम म्हणाली.

"आगं, तूच तर मागं लागली होतीस!"

"होते. आता नाय." तिने त्यांच्या हातातलं पातं काढून घेतलं. "घर रिकामं झालं तो दिस हाय तो माझा. त्याच्या आधी आपली मारिया इथं होती."

 चाचांनी भेगेवरून तळवा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जसा परक्या घरच्या ओट्यावरून फिरवत. मग दाराशी जाऊन त्यांनी अरुंधतीला आत बोलावलं, हात मागे बांधले आणि म्हणाले, "शोध."

तिला शोधावं लागलंच नाही. तिने भेगेवर बोट ठेवलं. "ही काय."

"मारियाचं लगन," महमूदचाचा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कुठल्याही ओट्याने कधी आणला नव्हता इतका अभिमान होता.