चावट सिनेमा आणि माझ्या हातातला रिमोट

रावेतच्या आमच्या सोसायटीत ज्येष्ठांना रविवारी दुपारी सिनेमा दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वडिलांनी सत्तरच्या दशकातला एक चावट विनोदी सिनेमा निवडला. तो त्यांनी कंपनीची शिफ्ट बुडवून पाहिला होता. मी आधी घरी पाहिला आणि मला घाम फुटला. "बाबा, बायका येणार आहेत," असं परोपरीनं सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी मी रिमोट घेऊन बसलो आणि वाह्यात वाक्य आलं की आवाज बंद करू लागलो. तिसऱ्या वेळी गाळलेलं वाक्य पुढच्या रांगेतून आईनंच मोठ्यानं म्हटलं. सगळा हॉल हसला.

"आई, तुला कसं पाठ?" मी वैतागून विचारलं.

"शिफ्ट काय ते एकट्यासाठी बुडवत होते? रिमोट दे इकडे."