गळ्याला हात लावायला सांगणाऱ्या विमलताई

विमलताई बोरसे यांची आणि माझी पहिली भेट सुरतेतल्या नवागाममध्ये, लसीकरणाच्या रांगेत झाली. माझी मुलगी तेव्हा मांडीवर होती आणि ताई दवाखान्यात परिचारिका होत्या. भर मे महिन्यात मी गळ्याभोवती पदर गुंडाळून त्याला पिन लावलेली पाहून त्यांनी मुलीला टोचण्याआधी मलाच विचारलं, "गया का झाकेल शे, माय?" सुरतेच्या दवाखान्यात आमची खानदेशातली अहिराणी ऐकून मी गोंधळले. त्यांनी स्वतःच पिन काढली. गळ्यावर संत्र्याएवढी गाठ होती.

"कितला दिन व्हयनात?"

"तीन वरीस."

घरात ती कुणाला दिसत नव्हती असं नाही. सासूबाई म्हणत, "दुखत नाही ना, मग कशाला बाऊ करतेस?" गल्लीतला डॉक्टर ताकदीच्या गोळ्या देई. गावी एका भगताने तापलेल्या सळईने गाठीवर डाग दिला. चौघींनी मला धरून ठेवलं होतं. माझे पती कडोदऱ्याला यंत्रमागावर कामाला. त्यांचा खांदा दुखला तर त्याच दिवशी रिक्षा यायची. मला मात्र आडवं झालं की श्वास पुरत नसे, भिंतीला टेकून झोपावं लागे, आणि तेही सवयीचं झालं होतं. सर्वांत जास्त राग मला याच सवयीचा येतो.

ताई सुट्टी टाकून मला शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेल्या. त्याआधी मी तिथे दोनदा जाऊन रिकाम्या हाताने परतले होते. तिसऱ्यांदाही डॉक्टरांनी मान वर केली नाही. "आयोडीनवाळुं मीठुं खाजो, बहेन," म्हणत त्यांनी पुढच्या बाईला बोलावलं. मी उठलेही होते. ताई शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि शांतपणे गुजरातीत म्हणाल्या, "साहेब, तिच्या गळ्याला हात लावून बघा. मग तुम्ही सांगाल ते ऐकू."

"बाहेर रांग आहे, बहेन."

"रांग मलाही दिसते. हात लावल्याशिवाय आम्ही उठणार नाही."

डॉक्टरांनी नाइलाजाने हात लावला. पाण्याचा घोट गिळायला सांगितला, पुन्हा चाचपलं आणि मग वरिष्ठांना बोलावलं. एक्स-रेमध्ये श्वासनळी एका बाजूला ढकललेली दिसली. वरिष्ठांनी मलाच दरडावलं, "इतके दिवस होतात कुठे?" याच दाराबाहेर होते, हे तेव्हा माझ्या तोंडून निघालं नाही. ते ताईंनी सांगितलं.

सोनोग्राफी झाली, सुईची तपासणी झाली, शस्त्रक्रिया ठरली. तेव्हा घरचे अडून बसले. आवाज गेला तर काय, असं पतींनी विचारलं. ताई आमच्या ओट्यावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवाज जाईल याची काळजी आज वाटते? तीन वर्षं ही सांगत होती, ते कुणी ऐकलं?" दुसऱ्या दिवशी पतींनी संमतीच्या कागदावर सही केली.

मी रुग्णालयात होते तेवढे दिवस माझी मुलगी ताईंच्या घरी राहिली. त्या तिला अंगाई म्हणून निजवत आणि सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी माझ्यासाठी मऊ खिचडीचा डबा पोचवत. गाठ कर्करोगाची निघाली नाही. दोन महिने आवाज घोगरा राहिला, मग सुधारला. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेते आणि ताठ मानेने हिंडते. पुढे ताईंनीच मला हाताशी घेतलं; वस्तीतल्या बायकांना दवाखान्यापर्यंत कसं न्यायचं ते शिकवलं.

ताईंना याचं फळ काय मिळालं? 'परिचारिका डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ करते' अशी तक्रार झाली आणि आरोग्य खात्याच्या कचेरीने त्यांची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला केली. निवृत्त होईपर्यंत त्या सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून आमच्याकडे येत राहिल्या. आता त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त त्याच कचेरीतून शुभेच्छापत्र आलं आहे. त्यात त्यांना 'सेवाभावी' म्हटलं आहे. ते या गौरवग्रंथात छापलं जाणार आहे. शेजारी बदलीचा आदेशही छापा, असं मी समितीला सुचवलं. समितीने मला गोड लिहायला सांगितलं. मला जमलं तेवढं गोड मी लिहिलं आहे.

ताईंना भरपूर आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे त्यांना साथ देवोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि हक्काची विश्रांती मिळो. ती त्या घेतील असं मात्र वाटत नाही. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मी सत्काराच्या साडीचा रंग विचारत होते. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "दिंडोलीला एक सून आहे, तिचा गळा सुजला आहे. घरचे म्हणतात, दुखत नाही. सोमवारी मोकळी आहेस का?"

सोमवारी मी जाणार आहे.