मोठ्या जाऊबाईंची ताटं

माझ्या मोठ्या जाऊबाईंना जाऊन दीड वर्ष झालं. आम्ही दोघी सख्ख्या भावांना दिलेल्या. चुली वेगळ्या झाल्या तरी अंगण एकच राहिलं. मी त्यांना बाई म्हणायचे. त्या मला नुसतं 'अवो' म्हणून हाक मारत, आणि रागावल्या तर काहीच म्हणत नसत.

आमचं गाव अमडापूरच्या बाजारापासून जवळ. घरामागे नाल्याच्या काठाला बाईंचं माळवं होतं. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि हिवाळ्यात मुळे. गावात लग्न असो, बारसं असो की तेरवी, जेवणं झाली की चंदेरी पत्रावळ्या आणि प्लास्टिकचे गिलास गाडीभर नाल्यात पडत. पावसाळ्यात नाला तुंबला की ते सगळं वाहत येऊन बाईंच्या वाफ्यांत बसे. एका वर्षी निंदायला बसलो तर विळ्याला मेथीच्या आधी गिलासच लागायचे. लोक म्हणाले, बांध उंच करून घ्या. बाई म्हणाल्या, बांध किती उंच करू, सगळ्या गावाएवढा?

देवळात आमचं गुरुवारचं भजनी मंडळ भरायचं, अकरा बायकांचं. एका गुरुवारी आरती झाल्यावर बाईंनी विषय काढला. प्रत्येकीनं घरची दहा ताटं आणि दहा गिलास मंडळात आणून ठेवायचे. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं ते न्यायचे. पळसाच्या पत्रावळ्या लावणाऱ्या बाया आता गावात उरल्या नव्हत्या, तेव्हा स्टीलशिवाय दुसरा उपाय नाही, असं त्यांचं म्हणणं. कोणी लगेच हो म्हटलं नाही. एकीनं हळूच विचारलं की मग कोणाचंही उष्टं झालेलं ताट कोणाच्याही घरात येईल, ते कसं चालायचं. बाई शांतपणे म्हणाल्या, "राखेनं घासलं का ताट ताटच राह्यते. माणसाचंच काही निंघत नाही." मग त्या आपल्याच घरी गेल्या, लग्नात आंदण आलेली ताटं घेऊन आल्या आणि देवळात ठेवली. पुढच्या गुरुवारी आम्ही उरलेल्या दहाजणीही ताटं घेऊन गेलो.

पहिली पंगत गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या रोडग्यांची होती, कोणाच्या तरी नवसाची. जेवणं आटोपली आणि आम्ही अकराजणी विहिरीपाशी ताटांचे ढीग घेऊन बसलो. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत घासत होतो. भजनं म्हणत होतो, एकमेकींच्या सासवांच्या नकला करत होतो. त्या दिवशी नाल्यात एक पत्रावळ पडली नाही. बाई स्वतः जाऊन बघून आल्या.

दोन वर्षं ते चाललं. आजूबाजूच्या दोन गावांतूनही ताटं मागायला लोक येऊ लागले. बाजारात जाताना आम्ही सगळ्या कापडी पिशव्या नेऊ लागलो, तीही बाईंचीच शिकवण. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या त्यांनी शिवून दिल्या होत्या. पण लग्नसराई आली की आठवड्यात तीन तीन कार्यं. नेणारे ताटं नेत, आणि परत आणताना नुसता पाण्याचा हात फिरवून आणत. घासायचं आमच्यावरच यायचं. बाप्ये जेवून उठायचे, पान खायचे, निघून जायचे.

त्या हिवाळ्यात माझे हात फुटले. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. भाकरी थापताना पिठात रक्त उतरायचं. एका दुपारी विहिरीपाशी अजून शंभर ताटं बाकी असताना मी हातातलं ताट आपटलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, हौस तुमची अन् हात आमचे. तुमचं माळवं वाचावं म्हणून आम्ही काऊन मरावं?"

  बाईंनी माझ्यासमोरचा ढीग आपल्याकडे ओढला आणि घासू लागल्या. मी हात पुसून घरी आले. त्या दुपारनंतर एकेक बाई घासायला येईनाशी झाली. वाट मीच दाखवली होती. बाई एकट्याच डोक्यावर टोपलं घेऊन विहिरीवर जायच्या. मी माझ्या ओट्यावर बसून बघायचे. उठून जावं असं रोज वाटायचं. रोज वाटायचं, आधी त्यांनी एकदा हाक मारावी. त्यांनी मारली नाही, आणि मी उठले नाही.

पुढच्या दिवाळीनंतर त्यांना ताप भरला आणि छातीत उतरला. बुलढाण्याच्या दवाखान्यात आठ दिवस होत्या. रात्री पुतण्या, म्हणजे बाईंचा मुलगा थांबे, दिवसा मी. माफी मागायची म्हणून मी रोज बसमध्ये शब्द जुळवत जायचे आणि तिथं गेल्यावर चादर सारखी करत बसायचे. सातव्या दिवशी त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "अवो, हात कसे हायेत तुहे?"

मला तो टोमणा वाटला. मी म्हणाले, "बरे हायेत." एवढंच. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत त्या गेल्या होत्या.

तेरवीची सगळी व्यवस्था पुतण्यानं केली. तो पुण्याला नोकरीला, चार दिवसांवर दिवस आलेला, माणसं तर चार गावांची येणार. त्यानं मला विचारलं होतं, "काकू, मंडळाची ताटं काढायची का?" मी इतक्या दिवसांची थकलेली होते. मी म्हणाले, "कोण धुईन बाबा?" त्यानं पुन्हा विचारलं नाही.

पंगत बसली आणि चंदेरी पत्रावळ्या मांडल्या गेल्या. मी बुंदीचं भांडं घेऊन वाढत होते. मंडळातल्या सगळ्यात वयस्कर आजीबाई एका कडेला बसल्या होत्या. त्यांच्या पत्रावळीवर सगळं वाढलेलं, पण त्या हात लावत नव्हत्या. मी वाकले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "ह्या बाईच्या तेरवीत मले ह्याच्यात नाही जेवता येत वं." त्यांनी पोळी तळहातावर घेतली, तिच्यावरच थोडी भाजी घेतली आणि तशीच खाल्ली. शेजारच्या दोघी-तिघी ते बघून थांबल्या. मी थांबले नाही. पुढच्या पत्रावळीवर बुंदी वाढली, त्याच्या पुढच्या पत्रावळीवर वाढली, ओळ संपेपर्यंत वाढतच गेले. थांबले असते तर तिथंच खाली बसले असते. संध्याकाळी ट्रॉली भरून गेली आणि नाल्यापाशी रिकामी झाली. मागच्या दारातून मला ते दिसलं.

भासरे, म्हणजे बाईंचे यजमान, तेव्हापासून आमच्याकडे जेवतात. मी त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेते, आमचं बोलणं कामापुरतंच. जेवण झालं की ते आपलं ताट उचलून मोरीत नेत आणि स्वतः घासत. मला वाटायचं, त्यांना आमच्यावर भार टाकल्यासारखं होतंय. उन्हाळ्यात एका दुपारी मला राहवलं नाही. मी म्हणाले, "दादा, राहू द्या. मी हाये ना."

ते मोरीच्या कडेलाच बसून राहिले. भिंतीकडे बघत बोलले, "विहिरीवर तुमचं बोलणं झालं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पारावर आली होती. आम्ही पंधरावीस माणसं बसेल होतो. म्हणे, जो जेवीन त्यानं आपलं ताट धुवावं. म्हणे, बायाइचे हात फुटून राह्यले, माह्या जावेच्या हातातून त रक्त निंघून राह्यलं. बरोबर बोलली ते, म्हणे, माहीच चुकी झाली." मग त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. "सारे हासले," ते म्हणाले. "पह्यले मी हासलो."

मी तिथून आत गेले. मागचं दार लावून घेतलं आणि तोंडात पदर कोंबून रडले. बाई पारावर गेल्या होत्या, माझ्यासाठी, आणि कोणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात त्यांनी खरंच हात विचारले होते.

पुढच्या गुरुवारी मी मंडळात हे सगळं सांगितलं, माझं आपटणंही. आम्ही आता पाचजणी उरलो आहोत. ताटं देतो, पण सांगून देतो की जेवणाऱ्यानं आपलं धुवायचं. लोक हो म्हणतात आणि नेतात. गेल्या महिन्यात एका बारशाला पंगत उठली तेव्हा पुरुषांच्या ओळीतून एकटे दादा ताट घेऊन नळावर गेले. त्यांच्यामागून अजून तिघं गेले. बाकीचे ताटं तशीच ठेवून उठले, आणि कोणीतरी मागून हसलंही. दादांनी मान वर केली नाही. त्यांनी आपलं ताट घासलं, मग शेजारचं घेतलं, मग त्याच्या शेजारचं.

मी पदर खोचून त्यांच्यासमोर बसले.